सैन्यातलं एआय आणि करमाडचा चहा

बातमीदाराला किस्से जमवावे लागत नाहीत राव, ते तुंबतात. आमच्या गल्लीतल्या नालीसारखे! आता हेच बघा, सगळे एकाच सर्व्हेतले.

सैन्यात एआय वापरावं का, यावर आमच्या दैनिकानं लोकांचा कौल घ्यायचं ठरवलं. सर्व्हे एजन्सीची स्नेहा प्रश्न विचारून टॅबवर बटणं दाबणार, मी बातमी लिहिणार. माझ्या नावानं! संपादकांचा मथळा आधीच तयार: 'लढू द्या यंत्रांना!'

"साहेब, अजून कुणाला विचारलंच नाही!"

"मग विचारा ना. लवकर!"

*

मुकुंदवाडीतल्या पहिल्याच घरात आजोबा भेटले. स्नेहानं विचारलं, "माणसाशिवाय लढणाऱ्या यंत्रावर तुमचा विश्वास आहे का?"

"पोरी, उन्हाची आलीस. तुला काय पाहिजे, व्हय का नाय?"

"तुमचं मत सांगा आजोबा."

"मग व्हय लिही. दारात आलेल्याला नाय म्हणत असतेत व्हय?"

टॅबवर नोंद: पूर्ण विश्वास!

*

स्टेशनजवळचा टपरीवाला भडकलेला. "एआय? परवा मोबाइलच्या नकाशानं माझी गाडी थेट ज्वारीत घातली!"

"मग सैन्यात नको म्हणता?"

"असं कुठं म्हणालो? देशाच्या कामाला नाही म्हणू का मी?"

पूर्ण पाठिंबा!

*

चौकात चौघं बसलेले. त्यातले अण्णा "पाहिजेच" म्हणाले. बाकीचे तिघं एका सुरात, "अण्णा बोले तो फायनल!"

निघताना अण्णांनी हळूच विचारलं, "कॅमेरे कधी बसवताय चौकात?"

चार मतं जमा!

*

मी तणतणत ऑफिसात गेलो. "साहेब, हा कौल नाही, पाहुणचार आहे!"

"लोक हो म्हणाले ना?"

"म्हणाले."

"मग तुमचा प्रॉब्लेम काय?"

"बातमीवरचं माझं नाव काढा!"

"नाव राहणार. मथळा बदलायचा असेल, तर एक तरी 'नाही' आणून दाखवा!"

*

शेवटचं घर करमाडला. तिथल्या मावशींचा मुलगा फौजेत, सीमेवर. आधी चहा हातात दिला, मगच "विचारा" म्हणाल्या. प्रत्येक प्रश्नाला हसून "व्हय". मी कपाळाला हात लावला.

स्नेहानं शेवटचा प्रश्न वाचला. "यंत्रानं चुकून आपल्याच जवानावर गोळी झाडली, तर जबाबदार कोण? कंपनी, अधिकारी, यंत्र की सांगता येत नाही?"

मावशींनी पदर खोचला.

"मावशी, कोणतं लिहू?"

त्या उठल्या. स्नेहाच्या हातातला अर्धा प्यालेला कप काढून घेतला. मग माझा. आत गेल्या, परत बाहेर आल्याच नाहीत.

फाटकाबाहेर स्नेहानं टॅब माझ्यापुढं धरला.

"काका, यातलं कोणतं बटण दाबू?"