अक्काची परीक्षानळी

भोपाळहून भाचीचा फोन आला तेव्हा मी शिंदे की छावनी या आमच्या जुन्या वस्तीतल्या घरी सकाळचा चहा घेत होते. "मावशी, आई गेली... झोपेतच." कप खाली ठेवला आणि, का कोण जाणे, रडू येण्याआधी हसूच आलं. नव्वदी ओलांडलेली माझी कुमुदअक्का डोळ्यांपुढे आली ती बावीस वर्षांची होऊन, हातात चिमटा आणि चिमट्यात काचेची नळी धरलेली.

मध्य भारत हे राज्य मोडून नवा मध्य प्रदेश व्हायचा होता, तेव्हाची गोष्ट. सरकारी कचेऱ्यांची टेबलं-कपाटं भोपाळला निघाली होती. अक्का मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची. सचिवालयातल्या वसंतरावांशी तिचं लग्न ठरलं होतं, आणि त्यांची बदलीही भोपाळलाच झाली होती. अशात अक्काला ताप आला, सांधे सुजले, हातात खडू धरवेना. डॉक्टरांनी तेव्हा नव्यानेच निघालेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या. आठवड्याभरात ती चालू लागली. पण तहान भागेना आणि रात्रीतून चारदा उठावं लागे. तपासलं तर लघवीत साखर. "ये गोली का असर है, बेटी," डॉक्टर म्हणाले, "पर गोली अपने मन से बंद मत करना. धीरे-धीरे हम ही घटाएँगे."

बाबा घाबरले. घरी येताच म्हणाले, "टाकून दे त्या गोळ्या. आणि वसंतरावांकडे एक शब्द बोलायचा नाही."

"गोळी एकदम सोडली तर जिवावर बेतेल," अक्का शांतपणे म्हणाली, "आणि लपवलं तर पुढे त्यावर औषध कोण देणार?"

मागच्या पडवीत तिने प्रयोगशाळाच थाटली. स्पिरिटचा दिवा पेटवायचा, नळीत निळं औषध ओतायचं, त्यात लघवीचे मोजून आठ थेंब टाकून उकळायचं. निळंच राहिलं तर साखर नाही, हिरवं झालं तर थोडी, आणि विटकरी झालं की डॉक्टरांकडे धाव. रंग बघायला मी नेहमी शेजारी. सकाळी हिरवट दिसणारी नळी दुपारी चारला नारिंगी होते, हे तिच्याच लक्षात आलं. सकाळी घेतलेली गोळी दुपारी रंग दाखवते! ते ऐकून डॉक्टरांनी तिला सकाळचं थोडंसं इन्शुलिन सुरू केलं, दुपारचा भात कमी केला आणि जेवणाच्या वेळा बांधून दिल्या. सुई ती स्वतःच टोचून घ्यायची. मी मात्र डोळे मिटायची.

मग एका रविवारी वसंतराव आईला घेऊन मुहूर्त ठरवायला आले. बाबांनी तारखेचा विषय काढायच्या आत अक्काने सगळं सांगून टाकलं. आजार, गोळ्या, साखर, सुई... वसंतरावांच्या आईंनी पदर सावरला. "आम्हाला आधी सांगायला पाहिजे होतं," त्या म्हणाल्या आणि उठल्याच.

"थांब आई," वसंतराव म्हणाले. मग अक्काकडे वळून, कानापर्यंत लाल होत, "ती तपासणी... माझी कराल? एकट्या तुमचीच का व्हावी?"

बाबांनी कपाळाला हात लावला. पण खरोखरच वसंतरावांची नळी उकळली गेली. स्वच्छ निळी! त्यांच्या आई दारातून बघत होत्या. बराच वेळ घुटमळून त्या हळूच म्हणाल्या, "माझी पण बघ गं. मलाही आजकाल तहान फार लागून राहिली आहे."

त्यांची नळी विटकरी झाली.

मी तोंडावर हात दाबला. अक्का मात्र हसली नाही. तिने त्यांना जवळ बसवलं, म्हणाली, "घाबरू नका. उद्या सकाळी डॉक्टरांकडे आपण दोघी मिळून जाऊ." आणि खरंच गेल्या. त्यानंतर दर गुरुवारी त्या टांग्याने आमच्याकडे यायच्या. दोन नळ्या शेजारी-शेजारी उकळायच्या आणि कोणाची जास्त निळी यावरून सासू-सुनेची लग्नाआधीच चुरस लागायची. वसंतराव कचेरीबरोबर भोपाळला गेले. त्यांचं पत्र आलं की आधी रंगाची चौकशी, मग ख्यालीखुशाली.

डॉक्टर गोळी उतरवत गेले, तसं इन्शुलिनही कमी होत गेलं, आणि एक दिवस दोन्ही थांबलं. त्यानंतर अक्काची नळी निळीची निळीच राहिली. बाबांनी ती उजेडात धरून सगळ्या आळीला दाखवली!

लग्नाच्या पंगतीत अक्काच्या पानात जिलबी आली. तिने शेजारी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांची साखर काही गेली नव्हती, ती जन्माची सोबतीण झाली होती. अक्काने जिलबी मोडली, अर्धी स्वतःच्या पानात ठेवली. दुसऱ्या अर्धीतला नखाएवढा तुकडा त्यांना दिला आणि उरलेला माझ्या पानात टाकला. "हुकूम डॉक्टरचा," म्हणाली. त्या इतक्या हसल्या की ठसका लागला. पुढे आयुष्यभर तिने पुरी जिलबी कधी खाल्ली नाही. अर्धी शेजारच्याला द्यायची.

तेराव्याला भोपाळला गेले. गोडाच्या जेवणात भाचीने जिलबीच केली होती. पंगत बसली, वाढून झालं... आणि कोणीही न सांगता सगळ्यांनी आपापली जिलबी मोडली, अर्धी शेजारच्याच्या पानात ठेवली. एकमेकांची पानं पाहिली, आणि मग हसू कोणालाच आवरेना.