आन्केला जिना झाडायला कोणी शिकवलं

स्टुटगार्टच्या त्या चारमजली इमारतीत सिनेमावाले शिरले आणि गेर्लिंड हेबर्लेच्या पोटात दुखायला लागलं. सिनेमा होता जर्मनीतल्या त्या 'रेड आर्मी' टोळीवाल्यांवर. बाँब लावणारी, माणसं पळवणारी ती पोरं-पोरी. त्यांतली एक सत्त्याहत्तर साली याच इमारतीत खोटं नाव घेऊन राहिली होती. सिनेमात तिच्या मायाळू शेजारणीचंही काम होतं. पण ती शेजारीण गेर्लिंड नव्हती. समोरच्या दाराची रीकरबाई होती!

गेर्लिंड लग्न होऊन या घरात आली ती इथलीच झाली. दिवसभर मोज्यांच्या कारखान्यात, मूलबाळ नाही, आणि नवरा ट्राम चालवून घरी आला की 'मीठ दे' हेच त्याचं भाषण. अशा घराचं दार एका सकाळी वाजलं. दारात वरच्या मजल्यावरची नवी भाडेकरू, आन्के. हातात लाकडी पाटी.

"ही माझ्या दाराला कोणी अडकवली?"

"केराच्या आठवड्याची पाटी आहे ती. या आठवड्यात जिना तुझा."

"माझा? कुणी बक्षीस दिला?"

"झाडायला गं! वरून खाली यायचं, कठडा पुसायचा, कोपऱ्यात बोटाला फडकं गुंडाळून."

"आमच्या हॅम्बुर्गकडे घाण झाली की झाडतात."

"आम्ही झाली नाही तरी झाडतो."

पोरगी खळखळून हसली. त्या घरात इतक्या मोठ्यानं कोणी हसलं नव्हतं. मग ती येतच राहिली. कॉफी प्यायची, प्लमचा केक बोटांनी खायची, गेर्लिंडच्या कारखान्यातल्या मुकादमाची नक्कल करायची.

आणि एक दिवस जिन्यात बंदुका घेऊन पोलीस. वरचं घर रिकामं.

"छे हो, तुमची काहीतरी चूक होतेय," गेर्लिंडनं साहेबाला ठणकावलं, "कोपरे पुसायची ती! असली मुलगी बाँब लावेल?"

पुढे पोस्टात भिंतीवर लावलेल्या फरारींच्या फोटोंमध्ये तोच चेहरा दिसला. भीती वाटली, लाज वाटली. पण लाजेच्या तळाशी दुसरंही काही होतं. सगळा देश जिला शोधतोय, ती हसली माझ्या स्वयंपाकघरात. फक्त माझ्या. हे तिनं नवऱ्यालासुद्धा सांगितलं नाही, आणि तो वारल्यावर तर तेवढंच तिच्याजवळ उरलं.

आता तीस वर्षांनी, तिच्याच जिन्यावर, दिव्यांच्या झगझगाटात एक नटी गुडघ्यांवर बसली होती आणि रीकरबाई झालेली दुसरी नटी तिच्या बोटाला फडकं गुंडाळून देत होती. खरी रीकरबाई, केस सेट करून, खुर्चीवर बसून मान डोलावत होती. गेर्लिंडच्या अंगाची लाही लाही झाली. 'कट' झाल्याबरोबर ती खुर्चीपाशी गेली.

"रीकरबाई, थोडी तरी शरम?"

इतकी वर्षं समोरासमोर राहूनही दोघी अजून अहो-जाहोच करत. भांडतानासुद्धा.

"काय झालं, हेबर्लेबाई?"

"ते फडकं माझं! आन्केला झाडायला मी शिकवलं!"

"तुम्ही?" रीकरबाई हसली. "दार वाजवून, पाटी हातात घेऊन माझ्याकडे आली होती ती. 'कुणी बक्षीस दिला?' म्हणाली. मी हसून हसून बेजार!"

गेर्लिंडच्या तोंडचं पाणी पळालं. शब्दसुद्धा तेच.

"केक?" तिनं कसंबसं विचारलं.

"प्लमचा. बोटांनी खायची."

"नक्कल?"

"तुमच्या नवऱ्याची करायची. 'मीठ दे!'"

हे मात्र खोल लागलं. दोन्ही घरं चाचपून बघितली होती पोरीनं, कोण काय बघतं, कोण कुणाला काय सांगतं, सगळं. एवढं कळायला गेर्लिंड काही खुळी नव्हती. तरी तिच्या मनात पहिला प्रश्न आला तो हा, की ती रीकरबाईकडे जास्त वेळ बसायची का?

रीकरबाईचा आवाज अचानक उतरला. "पण एक सांगू? जाताना मला 'येते' एवढंही म्हणाली नाही हो. ते अजून टोचतं."

गेर्लिंडलाही म्हणाली नव्हती. तसं सांगून टाकलं असतं, तर दोघी म्हाताऱ्या कॉफी घेऊन बसल्या असत्या, कदाचित त्या पोरीला मिळून शिव्या घातल्या असत्या.

"अगबाई," गेर्लिंड म्हणाली, "तुम्हाला नाही म्हणाली?"

रीकरबाईनं झटकन मान वर केली. "का? तुम्हाला म्हणाली?"

"जाऊ द्या आता."

"काय म्हणाली? हेबर्लेबाई, सांगा ना!"

"रीकरबाई, फोटो!" दिग्दर्शकाचा माणूस खालून ओरडला. रीकरबाई खुर्चीतून उठली, पण खाली गेली नाही. गेर्लिंड शांतपणे घरात गेली, दार लावलं आणि दाराला पाठ टेकून उभी राहिली. बाहेर दाराशी रीकरबाई अजून उभीच होती. तिचा श्वास ऐकू येत होता. खूप वर्षांनी गेर्लिंडला कडकडून भूक लागली.