आखणी : पेणची आणि रोह्याची

हरिभाऊ म्हात्रे यांना मी प्रथम पाहिले ते आमच्या पेणच्या शाळेत, सातवीच्या वर्गाच्या दारात. नव्वदचे दशक संपत आले होते. माझा व्याकरणाचा तास चालू होता. दारातून एका अनोळखी गृहस्थांनी विचारले, "बाई, मराठीत जोडाक्षरं किती हायत?" तास संपेपर्यंत थांबा, असे मी सांगितले. ते थांबले. धाटावच्या एका कंपनीत ते यंत्रांवरची मापके सांभाळत. तिसरी पाळी संपवून, रोह्याला घरी न जाता, थेट गाडीने पेणला आले होते. मी बाहेर आले तेव्हा ते व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या बसल्या झोपले होते. जागे करून मी सांगितले, की जोडाक्षरे कोणी मोजलेली नाहीत. "मंग मोजाया लागतील," असे म्हणून त्यांनी पिशवीतून कोरी वही काढली आणि माझ्या हातात दिली. ती वही भरायला मला पाच महिने लागले.

हरिभाऊ संगणकावर मराठी लिहिण्याचा एक प्रोग्राम तयार करत होते. तो फुकट द्यायचा होता. एवढेच नाही, तर त्याचा सोर्स कोडही त्याच फ्लॉपीवर द्यायचा, म्हणजे कोणीही तो उघडावा, दुरुस्त करावा आणि पुढे द्यावा. नागपूर आणि धारवाडचे दोन जण ईमेलने दुरुस्त्या पाठवत. त्या दोघांना हरिभाऊंनी तोवर पाहिलेलेही नव्हते. पेणला आमचा संगणक होता तो मूर्तिकार नानांच्या कारखान्यात. बाहेरगावी जाणाऱ्या मूर्तींच्या खोक्यांवर पत्ते छापायला नानांनी तो घेतला होता. मातीची धूळ जाऊ नये म्हणून त्यावर सदैव प्लॅस्टिक घातलेले असे. ज्याच्या हातात जाईल त्याने घडवायचे, म्हणून नानांनीच प्रोग्रामला नाव दिले, 'शाडू'.

काम वाढत गेले, पण ते संपणार कधी, हे कोणी सांगू शकत नव्हते. नागपूरची दुरुस्ती आली की धारवाडचे काहीतरी बिघडे. अखेर जूनमध्ये हरिभाऊंचे पोस्टकार्ड आले : 'जुलैच्या पहिल्या रविवारी आखणी. नानांच्या कारखान्यात. सर्वांनी यावे.'

पेणमध्ये आखणी म्हणजे काय, हे लहान मुलालाही ठाऊक असते. माती, साचा, घासकाम, रंग सगळे झाले की सर्वांत शेवटी बारीक कुंचल्याने मूर्तीचे डोळे काढतात, ती आखणी. त्यानंतर मूर्तीला कोणी हात लावत नाही. मी कार्ड नानांना वाचून दाखवले. नाना म्हणाले, "आखणी म्हंजे झालंच की, बाई. डोळं काढलं का मूर्ती दाराबाहेर."

मला कार्डाचे उत्तर पाठवून खात्री करता आली असती. मी केली नाही. शब्दाचा अर्थ न विचारणाऱ्या मुलांना आयुष्यभर ओरडणारी मी, तशीच वागले. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकांना सांगितले, की गणपतीच्या सुटीआधीच्या घटक चाचणीच्या प्रश्नपत्रिका आपण शाडूवर छापू, छापखान्याला नाही म्हणून कळवा. त्यांनी कळवले. छापखान्याने आमची जागा मंडळांच्या पावतीपुस्तकांना देऊन टाकली.

रविवारी नानांनी पेढे आणले. हरिभाऊ आले ते आलेखाच्या कागदाची गुंडाळी घेऊन. त्यांनी ती पाटावर पसरली. कागदावर रकाने होते आणि रकान्यांत काहीच नव्हते. त्यांच्या कंपनीत वार्षिक दुरुस्तीसाठी प्लांट बंद ठेवण्याआधी पहिली बैठक होते, कोणते काम केव्हा आणि कोणी करायचे हे ठरवण्याची. तिला ते आखणी म्हणत. नानांनी कागदाकडे पाहिले, मग पेढ्यांच्या पुड्याकडे पाहिले. तुम्ही याच तालुक्यातले ना, असे मी जरा जोरातच विचारले. हरिभाऊंचे घराणे कासूकडचे, मिठागरावर राबलेले. ते म्हणाले, आमचा संबंध मिठाशी, मूर्तीशी फक्त दीड दिवसाचा. मग एक पेढा उचलून म्हणाले, "आमच्याकडं आखणीनं काम चालू व्हतं, तुमच्याकडं संपतं. मंग मधलं कोन करतंय?"

नाना हसले. मी हसले नाही. मी चाचणीचे सांगितले. हरिभाऊंनी हातातला पेढा खाली ठेवला.

त्या दिवशी झालेली आखणी मी अजून जपून ठेवली आहे. ती खरे तर नानांच्या कामाच्या क्रमावर बेतलेली आहे. सण जवळ आला की नाना नवा साचा भरत नाहीत, कितीही मोठे गिऱ्हाईक आले तरी. हरिभाऊंनी तेच लिहिले : अमुक दिवशी 'साचा बंद'. त्यानंतर शाडूत नवी सोय घालायची नाही, फक्त असलेल्याचे घासकाम. शेवटचा रकाना डोळ्यांचा. नागपूर-धारवाडला 'साचा बंद' म्हणजे काय, हे त्यांनी वेगळे समजावून लिहिले. चूक एकदाच करायची असते, असे त्यांचे म्हणणे.

पुढचे आठवडे मी धास्तीतच काढले. शाळा सुटली की कारखान्यात जाऊन एकेक प्रश्नपत्रिका टाइप करायची. चाचणीला आठ दिवस उरले असताना भूगोलाची फाइल बंद करून पुन्हा उघडली, तर 'सह्याद्रीतील दऱ्यांची माहिती लिहा' याचे 'दर्यांची' झालेले. सगळ्या फाइली तपासल्या. दुसऱ्या, तिसऱ्या, शेतकऱ्यांना, प्रत्येक ठिकाणी तो र रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसलेला. हरिभाऊंनी पडद्यावर पाहिले आणि म्हणाले, "बाई, सह्याद्रीत दर्या कुठनं आणलात?" मला त्या वेळी तो विनोद सोसला नाही.

नागपूरहून दुरुस्ती येणार होती, पण ती आल्यावर वहीतले प्रत्येक जोडाक्षर पुन्हा तपासणे भाग होते. तेवढा वेळ नव्हता. मी म्हणाले, आहे तशी आवृत्ती बाहेर काढा, मी माझे कागद पेनने सुधारीन. हरिभाऊ शांतपणे म्हणाले, "तुमी तुमचे कागद सुधाराल. ज्यांना फ्लॉपी जाईल त्यांना कोन सांगंल? नाना डोळं वाकडं काढून मूर्ती देतील काय?" मी त्यांना जे बोलले ते येथे लिहिण्यासारखे नाही. माझा शब्द गेला होता, छापखाना गेला होता, आणि आठ दिवसांनी मुले प्रश्नपत्रिकेविना बाकांवर बसणार होती. त्यांनी सगळे ऐकून घेतले. "पेपरांचं मी बघतो," एवढेच म्हणाले.

त्यांनी पाळ्या बदलून घेतल्या आणि चार दिवस सकाळच्या गाडीने पेणला आले. शिक्षक-खोलीत बसून लोखंडी लेखणीने, हाताने, सगळ्या वर्गांच्या प्रश्नपत्रिकांचे स्टेन्सिल कापले. मी शेजारी बसून प्रत्येक ओळ तपासली. एक ऱ्हस्व-दीर्घ चुकले होते, तेही माझ्या मूळ प्रतीत. शेवटचे स्टेन्सिल चाचणीच्या आदल्या दुपारी शाळेच्या सायक्लोस्टाइल यंत्रावर चढले. मुख्याध्यापिका छापलेला कागद हातात घेऊन म्हणाल्या, "संगणकाचं अक्षर किती सुबक असतं हो." मी खरे सांगितले. दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.

मूर्ती कारखान्यातून गेल्या, नाना मोकळे झाले आणि मग शाडूची पहिली आवृत्ती निघाली. शेवटची कळ हरिभाऊंनी नानांना दाबायला लावली. फ्लॉपीवरच्या टिपणात शाडू काय करू शकत नाही याची यादी सर्वांत वर होती. तळाशी लिहिले होते : 'आखणी या शब्दाचा अर्थ न विचारता मी दिवस कळवला. त्यामुळे एका शाळेची अडचण झाली. चूक माझी.' ते वाक्य काढा, निदान माझे नाव जोडा, म्हणून मी भांडले. त्यांनी दोन्ही केले नाही. कोणाचीही चूक झाली की ते आधी तिच्यातला स्वतःचा वाटा शोधतात आणि तेवढाच लिहितात. ही सवय मी त्यांच्याकडून शिकायचा प्रयत्न केला. अर्धीच जमली.

हरिभाऊ आता पंच्याहत्तर वर्षांचे झाले. तब्येतीचे विचारले तर विषय बदलतात, तपासण्या पुढे ढकलतात आणि अजूनही फलाटावरून धावत गाडी पकडतात. याची मला काळजी वाटते, आणि ती मी त्यांना त्यांच्या या गौरवग्रंथातून कळवत आहे, कारण तोंडी सांगितलेले ते ऐकत नाहीत. गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला. शाडूची नवी आवृत्ती काढायची आहे, पुढच्या रविवारी आखणी आहे. मी विचारले, कुठली? ते म्हणाले, "रोह्याची."

हरिभाऊ, आम्हा सर्वांची तुमच्याकडे एवढीच मागणी आहे. प्रकृती सांभाळा, धावू नका, आणि अशा रोह्याच्या आखण्या अजून पुष्कळ वर्षे करत राहा. रकाने कोरे असू देत, पेढे आम्ही आणू. पेणच्या आखणीची कोणालाही घाई नाही.