पाच बोटांवरची बशी

रशियात शिकत असताना एका दुपारी सवयीने मी चहा बशीत ओतला आणि बशी पाच बोटांवर तोलून फुंकर घातली. समोर बसलेल्या म्हाताऱ्या घरमालकीणबाई उठल्या, त्यांनी खिडकीचा पडदा ओढून घेतला.

"खिडकीत बसून असा पिऊ नकोस बाळा. माझे वडील असेच प्यायचे."

बाईंचे वडील म्हणजे चहाच्या एका बड्या व्यापाऱ्याचा मुलगा. क्रांतीनंतर व्यापाऱ्यांची मुलं शत्रू ठरली, तेव्हा आडनाव बदलून ते कारखान्यात मजूर झाले. हातांना घट्टे पडले, बोलणंही मजुराचं झालं. पण एकदा कारखान्याच्या खानावळीत चहा फार कढत होता. त्यांनी तो बशीत ओतला आणि जुन्या व्यापारी घरांत धरायचे तशी बशी पाच बोटांवर धरली. शेजारचा नुसता बघत राहिला. त्याच आठवड्यात पोलिसांनी त्यांना नेलं. ते परत आले नाहीत.

माणूस नाव बदलतो, भाषा बदलतो. हात मात्र आपल्या घरचेच राहतात.

तो काळ केव्हाच सरला होता. तरी जिन्यात पावलं वाजली तेव्हा बाईंनी चटकन दाराकडे पाहिलं. पावलं वर निघून गेली. मग माझ्या लक्षात आलं, माझी बशी मी टेबलाखाली धरली होती.