उद्घाटनासाठी राखलेलं शेवाळ

आमच्या आळीला रस्ता नव्हता, पायऱ्या होत्या. मोजून बहात्तर, आणि आमचं घर सगळ्यांत वर. गाव साताऱ्याच्या बाजूचं, डोंगराच्या पोटाला टेकून बसलेलं. नगरपालिका असलेलं, पण तेवढ्यानं शहर न झालेलं. गावाचं नाव लिहीत नाही, कारण त्या वेळचे नगराध्यक्ष अजून धडधाकट आहेत आणि छापलेलं सगळं वाचतात. गोष्ट सत्तरच्या दशकातल्या एका श्रावणातली.

पायऱ्या काळ्या दगडाच्या आणि दोन्ही बाजूंना घरांच्या भिंती. ऊन तिथं उन्हाळ्यातसुद्धा पाहुण्यासारखं यायचं, दारातूनच परत जायचं. आषाढ लागला की दगडावर आधी हिरवट छटा, मग मखमल आणि शेवटी साबणासारखा बुळबुळीत थर. श्रावणात आमची सगळी आळी भिंतीला हात लावून, खेकड्यासारखी तिरकी उतरत असे. त्या हातांनी भिंतीवर कमरेच्या उंचीला एक गुळगुळीत, काळपट पट्टा तयार झाला होता. आमच्या आळीचा इतिहास कुणाला लिहायचा असेल तर तो पट्टा पुरेसा होता.

हा थर काढणं नगरपालिकेचं काम होतं आणि ती ते करत असे. हे मुद्दाम सांगतो, कारण नगरपालिकेबद्दल चांगलं लिहायची संधी वारंवार येत नाही. दरवर्षी नागपंचमीनंतरच्या सोमवारी मुकादम दोन बायांना घेऊन हजर व्हायचा. त्याच्या आधी नाही, कारण नागपंचमी होईपर्यंत त्या बाया खुरप्याला हात लावत नसत. जमिनीत कुणाला इजा होऊ नये म्हणून. दगडाच्या पायरीत नाग कसा असेल, असं मी एकदा विचारलं होतं. त्यातली वयस्कर बाई म्हणाली होती, "मास्तर, तुमी शाळंत शिकवा. आमाला आमचं ठावं हाय."

कामाची पद्धतही ठरलेली. खरवडायचं खालून वर, वाळू टाकायची वरून खाली. म्हणजे खरवडणारी बाई नेहमी साफ झालेल्या पायरीवर उभी असते आणि पुढची पायरी तिच्या समोर येते. पाण्याचा थेंब वापरायचा नाही. निघालेला हिरवा लगदा घमेल्यात, घमेलं खाली. मग नदीची भरड वाळू. शेवटी मुकादम चपला काढून, डोळे मिटून, वरपासून खालपर्यंत अनवाणी उतरायचा. जिथं पाय जरा सरकला तिथं थांबायचा आणि न बोलता बोट दाखवायचा. तेवढी पायरी पुन्हा. इतकी चोख तपासणी मी आयुष्यात दुसऱ्या कुठल्या खात्यात पाहिली नाही, आणि मी शिक्षण खात्यात होतो.

आदल्या वर्षी मात्र नागपंचमीच्या चार दिवस आधी आई देवळातून परत येताना त्रेचाळिसाव्या पायरीवर पडली. मांडीचं हाड मोडलं. अडीच महिने प्लास्टर, मग काठी, मग काठीशिवाय. डॉक्टरांनी सांगितलं होतं, "आता चालताय हे नशीब. पुन्हा पडलात तर काठी नाही, खाट." त्यामुळं या वर्षी मृग लागल्यापासून ती खाली उतरली नव्हती. खिडकीत बसून पायऱ्यांवरची वर्दळ पाहायची आणि कोण कितव्या पायरीला घसरता घसरता वाचलं, याची वार्ता मला संध्याकाळी द्यायची.

एरवी हे चाललं असतं. पण माझ्या बहिणीला दिवस गेले होते. ती सांगलीला, विश्रामबागेत. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही रीत आमच्याकडंही होतीच. फक्त ती रीत घालून देणाऱ्यांनी आमच्या पायऱ्या पाहिल्या नव्हत्या. पोटुशी पोर श्रावणात इथून चढवायची कुणाची छाती होणार? तेव्हा असं ठरलं की माहेरानंच सांगलीला जायचं. माहेर म्हणजे आई. बहिणीनं पत्रात एकच ओळ लिहिली होती: आई येणार असेल तर मला भीती नाही.

म्हणजे प्रश्न सरळ होता. आईला बहात्तर पायऱ्या न पडता उतरायच्या होत्या, तेही बहिणीचे दिवस भरायच्या आत.

मी शाळेत मराठी शिकवत असे. संकट दिसलं की अशा माणसाचा हात आधी लेखणीकडं जातो. मुकादम ठरल्या सोमवारी येईलच, पण खबरदारी म्हणून आषाढ संपता संपता मी नगराध्यक्षांना एक अर्ज लिहिला. अडीच पानी. त्यात "नागरिकांच्या जीविताशी चाललेला हा हिरवा खेळ" असं एक वाक्य होतं, ते आठवलं की अजून कान गरम होतात. सभा-समारंभांतल्या भाषणांची मी आयुष्यभर टवाळी केली. पण त्या अर्जाला हार घालून व्यासपीठावर बसवलं असतं तर तो तिथं शोभला असता.

आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, "छान आहे. पण तो येतोच की सोमवारी."

मी तिच्या भोळेपणाला हसलो.

सोमवार आला, मुकादम आला नाही. मंगळवारीही नाही. बुधवारी मी कचेरीत गेलो. हेडक्लार्कनं मला बसायला खुर्ची दिली, तेव्हाच काहीतरी बिघडलंय हे कळायला हवं होतं.

"सर, काय अर्ज लिहिलाय तुम्ही! साहेबांनी सभेत वाचून दाखवला. टाळ्या पडल्या."

"आणि पायऱ्या?"

"आता नुसत्या पायऱ्या नाहीत, सर. शेवाळ निर्मूलन मोहीम. साताऱ्याहून मोठे पाहुणे येणार, त्यांच्या हस्ते पहिली पायरी खरवडायची."

"मग तोवर बाकीच्या तरी..."

"असं कसं? आधीच साफ केलं तर पाहुणे साफ काय करणार?"

त्यांनी दिलेली खुर्ची मी जागेवर ठेवली आणि घरी आलो.

पाहुण्यांची तारीख एकदा पुढं गेली, मग पुन्हा एकदा. मधल्या काळात नगरपालिकेनं स्वस्थ बसायचं नाही असं ठरवलं. खालच्या अकरा पायऱ्यांच्या कडांना चुना आणि मध्ये गेरू लावला. पाहुणे येणार म्हटलं की आमच्याकडं जे जे हलत नाही त्याला चुना लागतो. हा शेवाळावरच लावला होता. झिमझिम पावसात तो भिजला आणि त्या अकरा पायऱ्या बाकीच्या एकसष्टांपेक्षा निसरड्या झाल्या, पण दिसायच्या फार छान.

एका सोमवारी मेहुण्यांचं कार्ड आलं. डॉक्टरांच्या मते याच आठवड्यात. आईंना लवकर पाठवा. आईची ट्रंक केव्हाच भरून तयार होती. मेतकूट, डिंकाचे लाडू, जुन्या धोतरांची मऊ दुपटी. समारंभ शुक्रवारी होता, म्हणजे असेल तर शुक्रवारी होता.

मी सुचवलं की खुर्चीत बसवून आळीतले आम्ही चौघं तिला खाली नेऊ. आईनं माझ्याकडं शांतपणे पाहिलं. "चौघांनी उचलून न्यायची वेळ येईल तेव्हा मी काही बोलणार नाही. आता बोलतेय."

शाळेतून आल्यावर मी बादली आणि खराटा घेऊन स्वतःच कामाला लागलो. वरच्या पायरीवर पाणी ओतलं आणि घासायला सुरुवात केली. तासाभरात तीन पायऱ्या झाल्या आणि त्यांचा सगळा हिरवा राडा खालच्या दहा पायऱ्यांवर उतरला. वर बसून आई बघत होती. ती म्हणाली, "पुरे कर. आता तुलाही सांगलीला न्यावं लागेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी वयस्कर बाई नेहमीसारखी आळी झाडायला आली. आईनं तिला खिडकीतून हाक मारून सगळं सांगितलं. संध्याकाळी मुकादम आला. आधी माझ्या तीन पायऱ्या पाहिल्या.

"पानी कुनी घातलं हितं?"

मागं उभी असलेली बाई म्हणाली, "मास्तरांनी. कागदानं खरवडलं न्हाई, म्हनून पान्यानं बघितलं."

"मास्तर, राग मानू नका," मुकादम म्हणाला, "तुमी तेवढा कागद दिला नसता तर पंचमीनंतरच्या सोमवारीच झालं असतं बघा. आमी कवा चुकवलंय का? कागद आला, की काम आमच्या हातात ऱ्हात न्हाई. ते कागदाचं हुतं."

आई खिडकीतून म्हणाली, "ते सगळं खरं. पण माझ्या लेकीचे दिवस काही पाहुण्यांसाठी थांबायचे नाहीत. तुम्हाला काही करता येईल का, तेवढं सांगा."

मुकादमानं एकदा वर पाहिलं, एकदा खाली. मग भिंतीवरच्या त्या हातांच्या पट्ट्यावर बोट ठेवलं.

"काकू, सगळी पायरी कशाला पायजे तुमाला? दीड हात जागा बास की. भिंतीच्या कडंनं. बाकीचं शेवाळ ऱ्हाऊ द्या त्यास्नी."

"आणि साहेबांनी विचारलं तर?" मी विचारलं.

"तर म्हनायचं, साहेब, तुमच्या उद्घाटनाला लय राखलंय. हात बी लावला न्हाई मधी."

बाई मोठ्यानं हसली. "आवं, मधलंच तर लय हिरवं हाय. फोटूत झाक दिसंल."

बुधवारी उजाडताच खालून आवाज सुरू झाला. दगडावर खुरप्याचा खर्रर्र, थोडा थांबून पुन्हा खर्रर्र. त्याच्याइतकं मंजूळ मी काही ऐकलेलं नाही. दोघी बाया एकीमागं एक वर येत होत्या. चुना लावलेल्या अकरा पायऱ्यांचीही त्यांनी भिंतीकडची कड सोलून काढली होती. रंगीत मिठाईचा तुकडा मोडावा तशी ती दिसत होती. माझ्या तीन पायऱ्यांना त्यांना सगळ्यांत जास्त वेळ लागला, हे त्यांनी मला दोनदा ऐकवलं. मग वाळू पडली, वरून खाली. मुकादमानं चपला काढल्या, डोळे मिटले आणि त्या दीड हाताच्या वाटेनं उतरून गेला. दोनदा थांबला, दोनदा बोट दाखवलं. मग पुन्हा वर आला.

"चला काकू. म्होरं मी हाय."

तो तिच्या एक पायरी खाली, तोंड तिच्याकडं करून, उलटा उतरत होता. हात पुढं केलेले, पण तिला न लावता. आईचा उजवा हात भिंतीच्या पट्ट्यावर. मागं मी ट्रंक घेऊन. म्हणजे ती पडली असती तर माझा उपयोग ट्रंकेइतकाच होता. आई ओठ हलवत होती. मला वाटलं स्तोत्र म्हणतेय. जवळून ऐकलं तर ती पायऱ्या मोजत होती.

वरून तिसाव्या पायरीपाशी ती थांबली. खालून मोजली तर ती त्रेचाळिसावी. तिथंच. माझ्या हातातली ट्रंक एकदम जड झाली. तिनं डावा पाय उचलला, मग परत ठेवला. मुकादमानं खाली वाकून त्या पायरीवर आपला पंजा दाबला आणि पुढं-मागं घासला. वाळू करकरली. आईनं तो आवाज ऐकला आणि पाऊल टाकलं.

शेवटची पायरी उतरून सपाट रस्त्यावर आल्यावर तिनं दोन्ही पाय एकदा जमिनीवर आपटून पाहिले. "झालं," ती म्हणाली. मी इतका मोठा श्वास सोडला की वयस्कर बाई म्हणाली, "मास्तर, उतरल्या त्या, दमला तुमी?"

साताऱ्याहून सांगलीची एस.टी. मिळाली. उंब्रज यायच्या आत आईला झोप लागली. वर्षभरात मी तिला इतकं गाढ झोपलेलं पाहिलं नव्हतं. आष्ट्याला गाडी थांबली तेव्हा ती जागी झाली, बाहेरच्या सपाट शेतांकडं बघत म्हणाली, "काय सुंदर गाव आहे. एक पायरी नाही."

बहीण दारातच उभी होती. आईला चालत येताना पाहून ती रडली आणि लगेच चिडली, की इतका उशीर का केला. कारण मीच आहे हे आईनं सांगितलं नाही. गुरुवारी पहाटे मुलगी झाली. दोघी सुखरूप.

शुक्रवारच्या समारंभाला मी नव्हतो, ही त्या आठवड्यातली दुसरी चांगली गोष्ट. नंतर कळलं की माझा अर्ज पुन्हा एकदा वाचला गेला आणि पाहुण्यांनी चांदीच्या मुठीच्या खुरप्यानं पहिली पायरी खरवडली. भिंतीकडची वाट पाहून त्यांनी ती कशाची, असं विचारलं. मुकादम म्हणाला, "साहेब, ती नमुन्याला केलीया." पाहुण्यांनी नमुना पसंत केला आणि जाताना त्याच वाटेनं उतरले.

दिवाळीला आई परत आली, बहीण आणि बाळासह. पायऱ्या तोवर कोरड्या खडखडीत झाल्या होत्या. तरी आई भिंतीकडच्या दीड हातातूनच चढली.

पुढच्या वर्षी मी कुणालाही काही लिहिलं नाही. नागपंचमीनंतरच्या सोमवारी सकाळी वह्या तपासत बसलो होतो, पण कान खालीच होते. बराच वेळ काहीच नाही. मग खर्रर्र.

"आले," खिडकीतून आई म्हणाली.

"कळलं," मी म्हणालो आणि पुढची वही घेतली.