सुमतीबाईंचा तबल्याचा उन्हाळा

गांधीबागेतल्या मुलींच्या शाळेत सुमतीबाई गाणं शिकवत. पेटी त्यांची, गळा त्यांचा. पण तबला मात्र उसना. गॅदरिंगच्या दोन दिवस आधी भजनी मंडळातले धोंडबा यायचे, आपला ठेका धरायचे आणि मुली त्यांच्यामागे धावत सुटायच्या. एकाहत्तर सालच्या गॅदरिंगला तर अर्ध्या मुली दुसऱ्या कडव्यावर आणि अर्ध्या तिसऱ्यावर होत्या. ते ऐकून बाईंचे कान तापले.

पुढच्या उन्हाळ्यात बाकीच्या शिक्षिका माहेरी गेल्या. त्रेचाळीस वर्षांच्या सुमतीबाई मात्र सकाळी सहाला धोंडबांच्या ओसरीवर जाऊन बसल्या. मला तबला शिकवा, म्हणाल्या. मी येतोच की दरसाल, असं धोंडबा म्हणाले. त्यावर बाई म्हणाल्या, मुलींना ताल दोन दिवस नाही, वर्षभर लागतो.

आठ दिवसांत बाईंची बोटं सुजली. धोंडबांनी त्यांचा हात थांबवला.

"आधी तोंडानं बोला, बाई. हात मागाहून येते."

बाई घरी जाताना वाटभर तबल्याचे बोल म्हणत राहिल्या आणि त्यांच्या लक्षात आलं, मुलींनाही हेच हवं. शाळेची किल्ली मागून त्यांनी व्हरांड्यात सकाळचा वर्ग लावला. ऊन चढायच्या आत सुटी. आजूबाजूच्या पाच मुली आल्या. सहावी यायला हवी होती ती सुभद्रा. प्रार्थनेच्या वेळी तिचा पाय नेमका समेवर पडायचा, हे बाईंना आत्ता आठवत होतं.

त्या तिच्या घरी गेल्या. आई गव्हाला ऊन दाखवत होती. बाईंना बसायला पाट दिला, माठातलं पाणी दिलं, मग खाली बघून म्हणाली, "मागच्या साली तुमीच तिले म्हणलं होतं, तू नुसते ओठ हालव. पोरगी आता घरीबी गात नाई."

बाईंना ते म्हटल्याचं आठवतही नव्हतं. बेसूर मुलींना त्या दरवर्षीच तसं सांगत. पाण्याचा पेला त्यांनी खाली ठेवला. दाराआड उभ्या असलेल्या सुभद्रेला त्यांनी जवळ बोलावलं.

"चूक माझी झाली," त्या म्हणाल्या. "मी तबला शिकते आहे, अजून कच्ची आहे. माझ्याबरोबर शिकशील?"

सुभद्रा आत निघून गेली. तिसऱ्या दिवशी मात्र व्हरांड्यात येऊन कडेला बसली. जूनअखेर शाळा उघडली तेव्हा तिचा हात बाईंच्या पुढे गेला होता. त्या वर्षी गॅदरिंगला धोंडबा पहिल्या रांगेत नुसते ऐकायला बसले, आणि तीस मुली सुभद्रेच्या ठेक्यावर एका दमात गाणं म्हणून गेल्या.

मग निवृत्त होईपर्यंत, चौऱ्याऐंशी सालापर्यंत, बाईंचा उन्हाळी वर्ग चुकला नाही. म्हातारपणी जुन्या विद्यार्थिनी भेटायला आल्या की गॅदरिंगच्या गोष्टी निघत. बाईंना मात्र आठवत त्या व्हरांड्यातल्या सकाळी. शिंपडलेल्या फरशीचा वास, पाच-सहा मुलींच्या तोंडचे बोल, आणि मान खाली घालून वाजवणारी सुभद्रा. ती उत्तम वाजवायला शिकली, पण शाळा सोडेपर्यंत गायली नाही. तेवढं मला परत देता आलं नाही तिला, असं बाई म्हणत.