खुशालभाऊंचा हवामानाचा फळा

आमचे हे, म्हणजे खुशाल, तीस वर्षं पाटकरी होते. तलावाचं पाणी कोणाच्या धानाच्या बांधीत कधी सोडायचं, ते बघायचं काम. असा माणूस घरात कमी आणि आभाळात जास्त राहतो. नवीन लग्न झालं तेव्हा जेवताना सारखी दाराबाहेर नजर. मला वाटलं, कोणाची वाट पाहतात की काय! मग कळलं, ढगांची.

नोकरी संपली तरी खोड गेली नाही. धान कापणीला आला की चौकातल्या ग्रामपंचायतीच्या फळ्यावर रोज संध्याकाळी हवामान लिहायचे. मोबाइलवर मेसेज येतो, पण तो अख्ख्या जिल्ह्याचा. पहाडी आणि खालचं खोरं एकाच हंडीत शिजवलेलं. हे ते वेगळं करायचे. वर पहाडीवरच्या टोल्यावर, लहानशा वस्तीत, त्यांचा जुना दोस्त इसरू राहतो. तिकडे पाऊस लागला की त्याचा फोन. मग हे तलावाच्या उंच पाळीवर जाऊन वारा बघणार आणि दोन ओळी लिहिणार : पहाडीवर पाऊस, खाली कोरडं, कापून घ्या. गाव तो फळा वाचूनच विळे काढायचं. मला नवऱ्याचा गर्व होता, खोटं कशाला बोलू.

मागच्या ऑक्टोबरात त्यांनी लिहिलं, खाली तीन दिवस पाऊस, कापू नका. लोकांनी ठरवलेल्या मजूर बाया परत पाठवल्या. आणि तीनही दिवस असं ऊन तापलं की अंगणात पाय ठेववेना. पाऊस वरच्या वरच राहिला. चौथ्या दिवशी हे चौकातून निघाले तर पानठेलेवाल्या रोशनने भर उन्हात छत्री उघडून यांच्या डोक्यावर धरली. सगळा चौक हसला. हेही हसले. त्यांना हसता येतं, मला नाही येत. बचत गटात ठमाबाईने मला विचारलं, घरी जाऊन कपडे आत घेऊ का? बाया पोट धरून हसल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी तोंडाची फटकळ. घरी आल्याबरोबर म्हटलं, "उद्यापासून त्या फळ्याले हात लावाल तं माझ्याशी गाठ हाये." त्यांनी खडू खिशातून काढून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवला. फळ्यावर दुसऱ्याच कोणीतरी लसीकरणाची तारीख लिहिली.

पंधरा दिवसांनी, गावाचा अर्धा हलका, लवकर पिकणारा धान कापून बांधीत पडलेला, तेव्हा दुपारी इसरूचा फोन आला. वर सकाळपासून जोराचा सुरू आहे आणि वारा खाली वळला आहे. यांनी पाळीवर जाऊन पाहिलं. परत आले ते खडू घ्यायलाच. म्हणाले, "या वेळी पाऊस येते. लोकायले सांगा लागते."

मी दारात उभी राहिले. नाही आला तर? पुन्हा छत्री, पुन्हा बाया. मी म्हटलं, आधी आपला धान उचलू, मग बघू. शेवटी यांनी चपला घातल्या. शेतात जाऊन आम्ही दोघांनी कापलेल्या धानाच्या कडपा गोळा केल्या, त्यांचं पुंजणं रचलं, वर ताडपत्री बांधली.

लागूनच रुखमाबाईची बांधी. दीड एकर, एकटी बाई. लेक मयुरी वडश्याला दिलेली. त्या दीड एकरावर तिचं वर्षाचं खाणं. सकाळीच कापणी आटोपून तिनं कडपा वाळायला पसरवल्या होत्या. दोन शेतांमधल्या धुऱ्यावरून तिनं विचारलं, एवढी घाई काऊन? यांनी मान वर केली. त्यांच्या आधी मी बोलले. म्हटलं, उद्या घरी पाहुणे येणार आहेत, म्हणून आटोपून राह्यलो. ती बरं म्हणाली आणि विळा घेऊन घरी गेली. हे घरी येईपर्यंत माझ्यापुढे दहा पावलं चालत होते.

पाऊस त्याच संध्याकाळी आला आणि दोन दिवस थांबला नाही. तिसऱ्या दिवशी रुखमाबाईच्या बांधीत कडपा तरंगत होत्या, लोंब्यांना कोंब फुटले होते. बाकीच्यांचंही कमीजास्त तेच. कोरडं पुंजणं एकच, आमचं.

चौकात रोशनने ते बोलून दाखवलं. म्हणाला, खुशालभाऊंना सगळं माहीत होतं, गावाला सांगितलं नाही. हे मान खाली घालून उभे. मी बाजूला, हातात सामानाची थैली. मला वाटलं, आता बोलतील, आता बोलतील. माझं नाव सांगून मोकळं व्हायचा त्यांना हक्क होता. नाही बोलले.

बोलली रुखमाबाई. चिखलाच्या पायानं शेतातून आलेली, पदर कमरेला खोचलेला. रोशनवर अशी तुटून पडली की तो गल्ल्यामागे सरकला. "त्याहीच्या घरी पाहुणे येणार होते, म्हणून उचलला धान. मले विचार ना. खुशालभाऊले मालूम असतं तं पयले माह्या धुऱ्यावर आले असते."

त्या वेळी मला जितकी लाज वाटली तितकी जन्मात वाटली नव्हती. गप्प राहिले असते तर निभावलं असतं, ती आमच्या बाजूनं अख्ख्या गावाशी भांडली असती. पण ज्या बाईचं वर्ष मी पाण्यात घातलं तिच्याच पदराआड उभं कसं राहायचं? मी थैली खाली ठेवली.

"पाहुणे कोणी नव्हते, रुखमाबाई. पाऊस येते हे याहीले मालूम होतं. हे सांगाले निघाले होते, मीच अडवलं."

ती माझ्याकडे वळली. रागावली असती, दोन शिव्या दिल्या असत्या, तर मी खाली मान घालून घेतल्या असत्या.

"काऊन?" एवढंच म्हणाली.

"लोक हसतात म्हणून."

ती खरंच आठवून पाहत होती.

"मी हसली होती का वो?"

ती हसली नव्हती. त्या तीन दिवसांच्या उन्हातही ती धान उभा ठेवून बसली होती, फळ्यावर लिहिलं होतं म्हणून.